भागीरथाच्या निळ्या बांगड्या

कामावर आलं की भागीरथा आधी बांगड्या काढायची. निळ्या काचेच्या, प्रत्येक हातात दोन-दोन. त्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधायच्या, कोपरापर्यंत साबणानं हात घासायचे, आणि मग जगात नवीन कोण येतंय ते बघायला बाई तयार. काम संपलं की गाठ सोडायची आणि बांगड्या परत हातात. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, म्हणून तर त्या इतकी वर्षं टिकल्या.

नागपुरात इतवारीच्या अंगानं असलेल्या एका लहानशा सूतिकागृहात ती दाई होती. रीतसर शिकलेली, बिल्ला लावणारी. तिचं तोंड भारी फटकळ. तिच्या हाताखाली बाळंत झालेल्या बाया सांगत, कळांपेक्षा भागीरथाबाईचीच भीती जास्त वाटते. पण दुसऱ्या खेपेला त्याच बाया दारातून आत येता येता विचारत, “भागीरथाबाई आहे ना वं आज?”

ती मूळची खाप्याची. बाप कन्हान नदीच्या काठावर जाडंभरडं लुगडं विणायचा. लग्न करून नागपुरात आली ती धोंडबा चहांद्याच्या घरात, पाचपावलीला. छप्पन साली नवराबायकोनं दीक्षा घेतली. आदल्या दिवशी भागीरथानं इतवारीत जाऊन पांढरं लुगडं घेतलं, आणि शिल्लक पैशात निळ्या बांगड्या. धोंडबा हसला होता, पण दुसऱ्या दिवशी त्या गर्दीत त्यानं तिचा हात सोडला नव्हता. पुढे काही वर्षांनी मुदतीच्या तापात धोंडबा गेला.

तेव्हा गल्लीतल्या बाया बांगड्या फोडायला दगड घेऊन उंबऱ्यावर आल्या. धर्म बदलला होता, दगड तोच होता. सासू बायजाबाई रडत रडत म्हणाली, “दे वं बाई हात. रीत आहे ते करा लागते.” भागीरथानं दोन्ही हात छातीशी धरले.

“माह्या हाताले कोणी हात लावाल तर याद राखा! मी घेतल्या, मी घातल्या. तो गेला, त्यात या बांगड्यायचा काय गुन्हा?”

बाया दगड घेऊन परत गेल्या. महिनाभर कोणी तिच्याशी बोललं नाही. मग एकीचे दिवस भरले, ती अडल्यावर तिला भागीरथाच लागली, आणि बोलणं आपोआप सुरू झालं.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे जी चूक झाली ती असल्याच बाईच्या हातून होऊ शकते. बांगडी हातातून काढणं म्हणजे भागीरथाच्या लेखी चप्पल काढून घरात जाण्याइतकं साधं होतं.

एकाहत्तर साली पूर्व बंगालात लढाई पेटली आणि तिकडची माणसं लाखांनी इकडे आली. त्यातली काही आगगाडीत भरून पुढच्या मोठ्या छावण्यांकडे धाडत होते. मध्येच कुठे रुळांची, कुठे जागेची अडचण झाली, म्हणून एका गाडीतली माणसं नागपुरात उतरवली आणि नंदनवनाच्या पलीकडे तंबू ठोकून ठेवली. नाव नंदनवन. जाऊन बघावं तर काळ्या मातीचा चिखल, बाभळी, आणि एका नळावर सगळी छावणी. नाव ठेवणाऱ्याला तिथं चार दिवस ठेवायला हवं होतं.

त्या माणसांत पोटुशा बाया बऱ्याच होत्या. सूतिकागृहातून कोणाला तरी रोज पाठवायचं ठरलं. नाव भागीरथाचं निघालं, कारण बाकीच्यांना काही ना काही अडचण होती. तिला नव्हती. ती औषधाची पेटी घेऊन छावणीच्या ट्रकमध्ये, रुपराव ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

पहिल्याच दिवशी एक बाई अडलेली. भागीरथानं तिला तंबूतल्या बाजेवर घेतलं. बाईच्या हातात शंखाच्या पांढऱ्याशुभ्र बांगड्या. सूतिकागृहात बाळंतिणीच्या बांगड्या काढायचा नियमच होता, त्या सवयीनं भागीरथानं साबण लावला आणि बांगड्या सरकवून काढल्या. बाई ओरडत होती, पण कळा येत असताना कोण ओरडत नाही? मनगट रिकामं दिसू नये म्हणून तिनं हळदीचा दोरा बांधला, आपल्याकडच्या बाया तेवढ्यावर समाधान मानतात. एक बांगडी खाली पडून तिचे तुकडे झाले. पोरगा सुखरूप झाला. भागीरथा घाम पुसत बाहेर आली तर तंबूच्या तोंडाशी एक म्हातारी उभी. पांढरं लुगडं, मोकळे हात, डोळे बारीक. वाटेतल्या छावण्यांमध्ये शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं विचारलं, “दीदी, तुम कौन जात है?”

भागीरथाच्या कानशिलात कोणी मारल्यासारखं झालं. पण ती खोटं बोलणारी नव्हती.

“बौद्ध. पहले महार. काहून?”

म्हातारीनं मान हलवली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तपासायला एकही बाई आली नाही. भागीरथा तंबूतंबूतून फिरली. ती दिसली की बाया पोटावर पदर ओढून मागच्या मागे बाभळींत जात. तिसऱ्या दिवशीही तेच. रुपरावला तिनं वाटेत सांगून टाकलं, “उद्यापासून मी येत नाही. त्यायले महाराचा हात चालत नाही.”

“असं कसं म्हणता, बाई? अंगावरच्या कपड्यानं आलेली माणसं ती.”

“घर गेलं, दार गेलं, जात नाही गेली गा त्यायची! मी दीक्षेच्या दिवशी ठरोलं होतं. जिथं जात विचारतीन त्या दारात पुन्हा उभी राहीन तर नावाची भागीरथा नाही.”

ती खरंच गेली नाही. सूतिकागृहात राहिली आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिली. पण छावणीत चाललेलं रुपराव येऊन सांगायचा थांबला नाही. म्हणाला, ती जात विचारणारी म्हातारी आहे ना, ननीबाला, तिची सून भरल्या दिवसांची आहे. बिजली नाव. तोंड सुजून डोळे बारीक झाले आहेत. कपाळ धरून बसते आणि डोळ्यांसमोर ठिणग्या उडतात म्हणते.

भागीरथानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

पोटुशी बाई, तोंडावर सूज, डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे. याच्या पुढची पायरी म्हणजे झटका. तिनं तो पाहिलेला होता, आणि त्यातून आई आणि मूल दोन्ही गेलेलंही पाहिलं होतं. घरी जाऊन भाकरी थापताना तिचं स्वतःशीच भांडण सुरू झालं. आपण गेलो तर आपला शब्द मोडतो. नाही गेलो तर पोरगी मरते. मग शेवटची भाकरी करपली आणि तिला स्वतःचाच राग आला. शब्द जपायचा आणि पोरगी मारायची, यासाठी का दीक्षा घेतली होती?

सकाळी ती ट्रकजवळ उभी दिसली तेव्हा रुपरावनं नुसतं दार उघडलं, शहाणा माणूस. तीच म्हणाली, “त्या म्हातारीच्या दारात नाही जाऊन राहिली मी. त्या पोरीच्या पोटात जे आहे, त्याच्या दारात जाऊन राहिली. चालव.”

तंबूत शिरली ती तडक ननीबालापुढे जाऊन उभी राहिली. “माई, सीधी बात करते. मैं महार हूँ करके तुमको मेरा हाथ नहीं चलता, तो वैसा बोलो. मगर इस लडकी को मैं लेके जाऊँगी. बाद में नहा लेना पाहिजे तेवढं!”

शेवटी शेवटी हिंदी संपून मराठी आलं, पण म्हातारीला समजलं. ती अचंब्यानं म्हणाली, “हम लोग नमःशूद्र है, दीदी. हमारा हाथ का पानी कोई नहीं पीता था.” तिनं सांगितलं, आधीच्या छावणीत एका नर्सनं जात ऐकून औषध लांबूनच टाकलं होतं. म्हणून आपण विचारलं. आपली जात कळल्यावरही ही बाई पोरींना हात लावील की नाही, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

भागीरथाचा इतके दिवस पोसलेला राग असा पायाखालून निघून गेला की तिला उभं राहायला जागाच उरली नाही.

“मग बाया लपतात काहून?”

ननीबालानं पदराची गाठ सोडली. त्यात शंखाच्या बांगडीचे तुकडे होते. तिनं ते भागीरथाच्या हातावर ठेवले. तिकडे नवरा असलेल्या बाईच्या हातातून ही बांगडी, त्यांचा शाँखा, उतरते ती फक्त तो मेल्यावर. आणि भागीरथानं पहिल्याच दिवशी एका बाईचा नवरा तंबूबाहेर उभा असताना त्या उतरवल्या होत्या. साबण लावून!

भागीरथाला उंबरा आठवला, दगड आठवला. आपण आपले हात छातीशी धरले होते. त्या बाईचे हात कळांत अडकले होते, म्हणून तिला धरता आले नाहीत, एवढाच फरक. तिला इतकी लाज वाटली की तिनं तिथंच म्हातारीच्या पायाला हात लावला.

“चुकलं माई माह्यं. भल्लं चुकलं.”

बिजली मागे टेकून बसली होती. असेल अठरा-एकोणीस वर्षांची. चेहरा फुगलेला, हातपाय सुजलेले, आणि दोन्ही मनगटांत त्या पांढऱ्या बांगड्या. तिचा नवरा नदीच्या घाटावर चुकला होता. त्यानं बायकोला आणि आईला नावेत बसवलं, मागे राहिलेल्या चुलत्याला आणायला तो परत गेला, आणि तेवढ्यात गोळ्या सुरू झाल्या. नाव निघून आली. तो जिवंत आहे की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बिजलीपुरता तो जिवंत होता, कारण बांगड्या हातात होत्या. दवाखान्यात बांगड्या काढतात हे तिनं ऐकलं होतं. ती म्हणत होती, मरते तर इथंच मरू दे.

भागीरथा तिच्यापुढे बसली. म्हणाली, “मी काढणार नाही, आणि कोणाले काढू देणार नाही. दाईचा शब्द आहे.” ननीबालानं तो आपल्या भाषेत सांगितला. बिजलीनं उठायला हात पुढे केला.

सूतिकागृहात डॉक्टर सुमतीबाईंनी बिजलीचं बीपी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बांगड्यांचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मला मनगटाशी काय करायचंय? स्वच्छ पट्टी गुंडाळ आणि चल लवकर.” नियमाला इतक्या पटकन वाट फुटते हे भागीरथाला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं. तिनं बांगड्यांवरून उकळलेल्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या.

दुपारी बिजलीला झटका आला. दात आवळले, डोळे फिरले, सगळं अंग ताठ. भागीरथानं तिच्या दातांत कापडाची गुंडाळी घातली आणि तिला कुशीवर धरून ठेवलं. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. झटका ओसरला, पोरगी गुंगीत गेली. आणि तेव्हा भागीरथाच्या लक्षात आलं की पट्टीखालची बोटं निळी पडत चालली आहेत.

तिनं पट्ट्या सोडल्या. सूज इतकी वाढली होती की बांगड्या मांसात रुतून बसल्या होत्या. आता साबणानंही निघाल्या नसत्या. सुमतीबाई म्हणाल्या, “कापायला हव्यात, भागीरथा. हात जातील तिचे.”

“मी शब्द देल्ला आहे, बाई.”

“शब्द देताना सूज कुठं विचारली होतीस?”

“नाही विचारली. पण हिले विचारल्याबिगर मी कापत नाही, आन् ही शुद्धीत नाही. दोन मिनिटं द्या मले.”

ती बाहेर आली. ननीबाला भिंतीला टेकून बसली होती. भागीरथानं काही लपवलं नाही. हात जाईल, कदाचित जीवही. आणि बांगड्या ज्याच्या नावाच्या, तो या म्हातारीच्या पोटचा. विचारायचं ते हिलाच विचारायचं.

ननीबाला भिंत धरून उठली.

“हमारा बेटा है. उसका नाम का शाँखा दूसरा कोई नहीं काटेगा. हम काटेगा.”

भागीरथानं तिचे हात कोपरापर्यंत घासून दिले. इंजेक्शनच्या बाटलीची मान कापायची छोटी कानस असते, ती हातात दिली. बांगडी आणि कातडी यांच्यात भागीरथानं पट्टीचं टोक कसंबसं सरकवून धरलं आणि म्हातारी शंख घासू लागली. पांढरा भुगा पोरीच्या हातावर पडत होता. ननीबाला रडत नव्हती. ती मुलाचं नाव घेत होती, प्रत्येक घासण्याला एकदा. सुमतीबाई तोंड फिरवून सलाइनची बाटली बघत राहिल्या. खाच पुरेशी खोल झाल्यावर म्हातारीनं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, आणि बांगडी तुटली. मग दुसरी.

बोटं हळूहळू लाल झाली. उन्हं कलायच्या आत चिमटा लावून मुलगी झाली. एवढीशी, पण पहिल्याच दमात अशी किंचाळली की बाहेर बिडी ओढणारा रुपराव दचकला.

खरी लढाई त्याच्या पुढे होती. बिजली शुद्धीवर आली, तिनं आपली मनगटं बघितली. भागीरथानं बांधलेले हळदीचे दोरे तिनं दातांनी तोडून टाकले आणि भिंतीकडे तोंड केलं. सूज उतरली, बीपी उतरलं, डॉक्टर म्हणाल्या धोका टळला. पण ती ना जेवे, ना पोरीला जवळ घेई. ननीबाला समजावून थकली. बांगड्या मी कापल्या, मी त्याची आई आहे, माझ्या हातानं तो कसा मरेल, असं ती सांगत राही. बिजली ऐकत नसे. पोरीला दुसऱ्या बाळंतिणी पाजत होत्या, पण असं किती दिवस चालणार? आणि छावणी पुढे हलवायचा हुकूम निघाला होता.

भागीरथा शंखाच्या बांगड्यांसाठी सगळी इतवारी फिरली. तांब्यापितळेच्या दुकानांत विचारलं, कासारांकडे विचारलं. देवळात फुंकायचे शंख होते, बांगड्या कुठंच नव्हत्या. मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरातल्या एका बंगाली बाईनं कलकत्त्याहून मागवून देते म्हटलं, पण दुर्गापूजेच्या आधी येणार नाहीत. ती रिकाम्या हातानं परत आली. उन्हातान्हात फिरून डोकं तापलेलं, तशीच बिजलीच्या खाटेपाशी जाऊन बसली आणि जे मनात होतं ते आपल्या भाषेत बोलून मोकळी झाली.

“नाही भेटल्या वं बाई. तुले मी शब्द देल्ला आणि मोडला. तुले शिव्या द्याच्या असतीन तर मले दे. त्या लेकराले काहून उपाशी ठेवून राहिली?”

ननीबालाचं लक्ष भागीरथाच्या हातांकडे गेलं. बाजारातून थेट आल्यामुळे निळ्या बांगड्या हातातच होत्या. म्हातारी म्हणाली, “यह दो ना, दीदी. तुम्हारा.”

भागीरथानं हात मागे घेतले. उंबऱ्यावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. खोटं बोलणं सोपं होतं, पण या दोघींशी एकदा चूक करून झाली होती.

“ये नहीं चलेगा, माई. मैं विधवा हूँ. मेरा आदमी मर गया, उसके बाद भी मैंने उतारी नहीं. अशा बांगड्या तुमच्यात अशुभ.”

ननीबालानं हे बिजलीला सांगितलं. बिजलीनं पहिल्यांदाच मान वळवली. तिनं काहीतरी विचारलं. म्हातारी म्हणाली, “पूछती है, किसी ने तोडा नहीं?”

“तोडायले आल्या होत्या. दगड घेऊन. मी हात नाही देल्ला.”

तेही सांगून झालं. तशी बिजली कोपरावर टेकून उठली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले. हळू आवाजात एक वाक्य बोलली. ननीबालानं ते हिंदीत आणलं.

“बोलती है, जो चूडी आदमी मरने से भी नहीं टूटा, वही पहनाओ. वह लौटेगा तब तक टिकेगा.”

भागीरथानं बांगड्या काढल्या. हातांना साबण लावून एकेक करून बिजलीच्या मनगटात चढवल्या, मुळीच घाई न करता. बिजलीनं हात हलवून आवाज ऐकला. मग तिनं पोरगी मागितली आणि पदराखाली घेतली.

चार दिवसांनी रुपरावच्या ट्रकमधून छावणी स्टेशनकडे गेली. ननीबाला पुढे बसली होती, बिजली मागे, मांडीवर पोरगी. तिचा नवरा पुढे परत आला की नाही, ते भागीरथाला कधीच कळलं नाही.

त्या सूतिकागृहात मात्र नंतर कोणत्याच बाईच्या बांगड्या काढल्या गेल्या नाहीत. पट्टी गुंडाळायची. आणि पट्टीखालची बोटं तासातासाला बघायची, हे भागीरथा प्रत्येक नवीन पोरीला दरडावून शिकवायची. ती निवृत्त झाली तेव्हा ऐंशी साल उलटून गेलं होतं. स्वतःसाठी तिनं पुन्हा बांगड्या घेतल्या नाहीत. निरोपाच्या दिवशी गल्लीतली तुळसाबाई, दगड घेऊन आलेल्यांपैकीच एक, तिच्या मोकळ्या मनगटांकडे बघत समाधानानं म्हणाली, “आखरीले रीत पाळलीच ना वं तू, भागीरथा?”

“मी कायले पाळू?” भागीरथा म्हणाली. “माह्या बांगड्या शाबूत आहेत. एका पोरीच्या हातात आहेत.”